मालक नसलेले जहाज आपल्या पाण्यात उभे राहिले तर...



बंदीचे दिवस चालू आहेत. बोटी वर काढल्या आहेत, जाळी शिवायला घेतली आहेत, इंजिनांची कामे निघाली आहेत. एकदा ऑगस्ट लागला की कोणाला वाचायला वेळ मिळत नाही, म्हणून हा विषय आत्ताच घेतो आहोत. लेख मोठा आहे. एका बैठकीत होत नसेल तर दोन वेळा वाचा, पण वाचा.

मागच्या हंगामात आपल्या एका सभासदाचे वाहते जाळे रात्री एका बार्जच्या नांगराच्या साखळीत जाऊन अडकले. बार्जवर दिवा नव्हता. हाका मारल्या तर वर माणूसही नव्हता. उजाडेपर्यंत ओढाओढ करून जाळ्याचे तुकडे तेवढे हाती आले, बाकीचे तिथेच सोडून यावे लागले. आपण संस्थेच्या लेटरहेडवर तीन ठिकाणी अर्ज दिला. एकाने सांगितले, ही जागा आमच्या हद्दीत येत नाही. दुसऱ्याने सांगितले, मालकाला लिहा. मालक कोण, हे तिसऱ्यालाही सांगता आले नाही. शेवटी त्या सभासदाने कर्ज काढून नवे जाळे घेतले.

यात आपलीही चूक होती, ती आधी कबूल करतो. अर्जात नेमकी जागा नव्हती, फोटो नव्हता, बार्जचे नाव अर्धवट होते, आणि अर्ज गेला तो तीन आठवड्यांनी. तेव्हापासून आम्ही या विषयाची माहिती गोळा करत होतो. जे कळले ते इथे मांडतो.

जहाज सोडून दिले म्हणजे काय?

जहाज जुने होते. भाडे मिळेनासे होते. बंदराचे पैसे थकतात, दुरुस्ती थकते, विम्याचा हप्ता थकतो, खलाशांचा पगार थकतो. एक दिवस मालकाच्या लक्षात येते की जहाज भंगारात घातले तरी देणे फिटणार नाही. मग तो फोन उचलणे बंद करतो. कागदावर कंपनी एका देशाची, झेंडा दुसऱ्या देशाचा, मालक राहतो तिसऱ्या देशात. शोधायचे कोणाला?

खलाशांसाठी एक आंतरराष्ट्रीय करार आहे, भारतही त्यात आहे. त्यात हे स्पष्ट लिहिले आहे. मालकाने खलाशांना घरी पाठवण्याचा खर्च दिला नाही, किंवा अन्न-पाणी-डिझेल पुरवले नाही, किंवा दोन महिने पगार न देता संबंध तोडले, तर ते खलाशी 'सोडून दिलेले' समजले जातात. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीप्रमाणे २०२४ या एका वर्षात जगभरात ३१२ जहाजांवर ३,१३३ खलाशी असे अडकले, आणि त्यांत सर्वांत जास्त भारतीय होते. गोव्यात तर घराघरांत तारवटी आहेत. त्यामुळे जहाजावर अडकलेला माणूस आपल्याच वाड्यावरचा असू शकतो, हे विसरू नका.

माणूस उतरला की धोका चढतो

आपण रोज बोट हाताळतो, म्हणून ही गोष्ट आपल्याला लगेच समजेल. दोन महिने बोट कोणी न बघता पाण्यात ठेवली तर काय होते? बिल्जमध्ये पाणी चढते, बॅटरी उतरते, दोर कुजतो. मोठ्या जहाजाचेही तसेच. डिझेल संपले की जनरेटर बंद. जनरेटर बंद म्हणजे दिवे बंद, पंप बंद, रेडिओ बंद. नांगराची साखळी घासते आहे का, जहाज सरकते आहे का, हे बघायला कोणी नाही. मालाच्या टाक्यांत वाफ किती साठली, तापमान किती वाढले, हेही कोणी मोजत नाही.

म्हणून जहाजावर खलाशी आहेत तोपर्यंत ते अडचणीतले जहाज असते. शेवटचा माणूस उतरला की ते धोक्याचे जहाज होते. आणि हे सगळे घडते त्या काळात किनाऱ्यावर पत्रव्यवहार चालू असतो.

आपल्या डोळ्यांसमोर घडलेले

२४ ऑक्टोबर २०१९ चा दिवस आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. क्यार वादळाचे वारे होते, समुद्र खवळलेला होता. मुरगावच्या पाण्यात नांगरावर असलेले 'नू शी नलिनी' हे टँकर जहाज वाहत आले आणि दोनापावलाला राजभवनाखालच्या खडकांवर चढून बसले. जहाजावर एकही माणूस नव्हता. पोटात मात्र दोन हजार टनांहून अधिक नाफ्था होता. हे जहाज २०१८ मध्ये कोचीजवळ इंजिनखोलीत आग लागून निकामी झालेले होते.

नाफ्था म्हणजे पेट्रोलचाच भाऊ. पाण्यावर तरंगतो आणि त्याची वाफ भराभर होते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून ती वर उडून जात नाही, पाण्याला धरून पसरते. तिला पेटायला मोठी आग लागत नाही. होडीतल्या स्टोव्हची, आऊटबोर्डच्या ठिणगीची किंवा पेटत्या विडीची गाठ पडली तरी पुरते.

सुदैवाने टाक्या शाबूत राहिल्या. पुढच्या काही महिन्यांत नाफ्था काढून घेतला, जहाजही हलवले, मोठी गळती झाली नाही. पण ते आठवडे आठवा. मांडवी आणि जुवारीच्या तोंडावर मासेमारी करणाऱ्यांच्या घरी रोज एकच विचारणा होती, आज जायचे की नाही?

त्याआधीचे 'रिव्हर प्रिन्सेस' तर आपल्या मुलांनी लहानपणापासून पाहिले. जून २००० मध्ये सिकेरी-कांदोळीच्या किनाऱ्यावर रुतलेले ते अवाढव्य जहाज निघायला साधारण बारा वर्षे गेली. त्यात घातक माल नव्हता, तरीही एवढी वर्षे किनाऱ्याची रेती गेली, रापणीची जागा गेली. एक वर्ष रुतलेले जहाज काढणे आणि दहा वर्षे वाळूत गाडलेले जहाज काढणे यांत खर्चाचा किती फरक असतो, हे तिथे सगळ्यांनी पाहिले. पहिल्या महिन्यात ओढून नेता येणारे जहाज पुढे कापूनच न्यावे लागते.

बैरुतची गोष्ट: पत्रे सहा, कृती शून्य

आता दूरच्या बंदराकडे जाऊ, कारण सोडून दिलेल्या जहाजाची गोष्ट शेवटी कुठे जाऊ शकते ते तिथे दिसले.

'रोसस' नावाचे मालवाहू जहाज २०१३ मध्ये जॉर्जिया देशातून मोझांबिककडे निघाले. त्यात २,७५० टन अमोनियम नायट्रेट होते. मालकाकडे सुवेझ कालव्याचे पैसे भरायलाही पुरेशी रक्कम नव्हती, म्हणून भाड्यासाठी जास्तीचा माल घ्यायला जहाज लेबनॉनच्या बैरुत बंदरात वळवले. तो जड माल वर चढवताना हॅचची झाकणे वाकू लागली. तपासणी झाली, जहाज चालवण्यालायक नाही असे ठरले आणि ते अडकवून ठेवले. मालकाने हात वर केले. बाकीचे खलाशी घरी गेले, पण कप्तान आणि तीन माणसांना महिनोन्‌महिने जहाजावरच ठेवले. वकील लावायला पैसे हवेत म्हणून कप्तानाने जहाजातले इंधन विकले. शेवटी २०१४ मध्ये कोर्टाने त्यांना सोडले.

त्यानंतर माल बंदरातल्या १२ नंबरच्या गोदामात उतरवला. इथेच खरी गफलत झाली. जहाजाचा प्रश्न तात्पुरता मिटला म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. कस्टमच्या अधिकाऱ्यांनी २०१४ ते २०१७ या काळात न्यायाधीशांना किमान सहा पत्रे लिहिली: हा माल धोकादायक आहे, याचे काहीतरी करा. पत्रे फाईलला लागली, माल जागेवर राहिला. त्याच गोदामात फटाकेही ठेवले होते. रिकामे 'रोसस' २०१८ मध्ये बंदरातच बुडाले. लोकांना वाटले, संपले.

४ ऑगस्ट २०२० ला संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर त्या गोदामाला आग लागली आणि तिथला साठा उडाला. दोनशेहून जास्त माणसे मेली, हजारो जखमी झाली, सुमारे तीन लाख लोकांची घरे राहण्यालायक उरली नाहीत. आवाज समुद्रापलीकडे सायप्रसमध्ये ऐकू गेला.

अमोनियम नायट्रेट हे खत म्हणूनही वापरतात. नुसते पडून राहिले तर ते सहज पेटत नाही, म्हणूनच माणसे गाफील राहतात. पण त्यात तेल किंवा दुसरे काही मिसळले, ते बंद जागेत ढिगाने राहिले आणि आग लागली, की त्याचा बॉम्ब होतो.

हे परक्या देशाचे आहे म्हणून सोडून देऊ नका. बैरुतची बातमी आल्यावर आपल्या देशात तपासणी झाली, तेव्हा चेन्नईजवळच्या मणलीच्या कंटेनर गोदामात ३७ कंटेनरांत सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट २०१५ पासून पडलेले निघाले. कस्टमने जप्त केलेले, कोर्टकज्ज्यात अडकलेले. ऑगस्ट २०२० मध्येच लिलाव पुरा करून तो माल ट्रकने हैदराबादला हलवला. म्हणजे पाच वर्षांत जे झाले नाही ते भीती बसल्यावर काही दिवसांत झाले.

'इथून हलवा' एवढे म्हणणे पुरत नाही

आपली पहिली मागणी नेहमी असते, 'हे आमच्या दारातून न्या.' मागणी चुकीची नाही, पण अपुरी आहे. २०२१ मध्ये 'एक्स-प्रेस पर्ल' या जहाजावरच्या एका कंटेनरमधून नायट्रिक आम्ल गळत होते. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे कतारचे हमद आणि गुजरातचे हजिरा या दोन्ही बंदरांत तो कंटेनर उतरवण्याची विनंती केली, दोन्हीकडे सोय नाही म्हणून नकार मिळाला. जहाज पुढे कोलंबोपाशी पोहोचले आणि तिथे पेटले. जळलेला माल आणि प्लास्टिकचे बारीक दाणे श्रीलंकेच्या किनाऱ्यावर पसरले, आणि मासेमारी बंद पडली ती तिथल्या मच्छीमारांची.

एका बंदराने दार लावले तर माल नाहीसा होत नाही, दुसऱ्या मच्छीमाराच्या दारात जातो. म्हणून आपल्या अर्जात 'हलवा' याच्या पुढे असे लिहायला हवे: माल कोणता आहे ते सांगा, तो कोणत्या तारखेपर्यंत उतरवणार ते सांगा, आणि उतरवून ठेवणार कुठे तेही सांगा. बैरुतला तिसरा प्रश्न कोणी धरून ठेवला नाही.

काम कोणत्या क्रमाने व्हायला हवे

जाणकार लोक हा क्रम सांगतात, आणि अधिकाऱ्यांपुढे आपणही तोच धरून बोलायचा:

१. आधी माणसे. खलाशांना अन्न, पाणी, औषध आणि घरी जाण्याची सोय. पण शेवटचा खलाशी उतरायच्या आधी बदली राखणदार वर चढलाच पाहिजे.

२. वीज आणि दिवे. निदान नांगराचा दिवा आणि पंप चालू राहतील एवढे डिझेल. पावसाळ्याआधी नांगर-साखळीची तपासणी, गरज पडली तर टग तयार ठेवणे.

३. घातक माल बाहेर. कोर्टात मालकीचा वाद चालू असला तरी माल सुरक्षित जागी हलवायची परवानगी मागता येते. वाद पैशांचा असतो, तो नंतरही भांडता येतो.

४. जहाजाचे स्वतःचे इंधन बाहेर. माल नसला तरी टाक्यांत फर्नेस ऑइल असते. पावसाच्या तोंडावर किनाऱ्याला डांबराचे गोळे लागतात ते आपण पाहतो, टाकी फुटली तर त्याच्या कितीतरी पट.

५. मग जहाज. कोर्टातून विक्री, ओढून नेणे किंवा कापणे.

बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो. सगळे जहाजाच्या विक्रीची वाट बघतात आणि माल तसाच राहतो.

कोणाच्या हद्दीत काय?

आपला अर्ज तीन दारी फिरला तो याचमुळे. थोडक्यात असे समजा. मुरगाव बंदराच्या हद्दीत जहाज असेल तर मुरगाव बंदर प्राधिकरण. राज्याच्या छोट्या बंदरांत, नद्यांत आणि त्यांच्या हद्दीत असेल तर कॅप्टन ऑफ पोर्ट्स, म्हणजे बंदर कप्तान खाते. जहाजाची नोंद, विमा, खलाशी यांचे प्रश्न नौवहन महासंचालनालयाकडे, ज्याला आपण डीजी शिपिंग म्हणतो. समुद्रात तेल किंवा रसायन सांडले तर तटरक्षक दल. किनाऱ्याला लागले तर जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ. मासेमारी बंद ठेवायची की नाही आणि नुकसानीची नोंद, हे मत्स्योद्योग खाते.

हद्द कुठली ते आपल्याला समजत नसेल तर डोके खाजवत बसू नका. एकच अर्ज सगळ्यांच्या नावे करायचा, वर सगळ्यांची नावे लिहायची आणि प्रत्येकाकडून पोच घ्यायची. मग 'आमच्याकडे आलेच नाही' असे म्हणता येत नाही.

नुकसानभरपाई: जहाजालाही अटक होते

हे ऐकून काहींना हसू येईल, पण खरे आहे. समुद्री दाव्यांच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे उच्च न्यायालय जहाजाला अटक करू शकते. मालक सापडत नसला तरी दावा जहाजावर चालतो, आणि जहाज विकून आलेल्या पैशांतून देणी दिली जातात. गोव्यासाठी हे मुंबई उच्च न्यायालयाकडे येते.

पण पैसे वाटायला एक रांग आहे. पहिला खलाशांचा पगार. मग जहाजामुळे कोणाचा जीव गेला किंवा इजा झाली त्यांचे दावे. मग जहाज वाचवणाऱ्यांचे पैसे. मग बंदराची देणी. त्यानंतर जहाजामुळे दुसऱ्याच्या मालमत्तेचे झालेले नुकसान, म्हणजे जहाज येऊन आदळले आणि बोट किंवा जाळे गेले, असे आपले दावे. आपण पाचव्या नंबरला आहोत. आणि जहाजावरचा हा हक्क साधारण एक वर्षच टिकतो. त्या मुदतीत जहाज कोर्टाच्या ताब्यात येऊन पुढची कारवाई झाली नाही तर हक्क जातो. तेलाच्या आणि घातक मालाच्या प्रदूषणाचे काही दावे वेगळ्या कायद्यांनी चालतात, तिथे विम्याचा प्रश्न येतो. त्यामुळे वकिलाकडे पहिल्या महिन्यातच जायला हवे, वर्षाने जाऊन उपयोग नाही.

केरळचे ताजे उदाहरण घ्या. २५ मे २०२५ ला 'एमएससी एल्सा ३' हे कंटेनर जहाज केरळसमोर बुडाले. ६४० कंटेनर होते, त्यांतले १३ घातक मालाचे, आणि त्यांत १२ कॅल्शियम कार्बाइडचे. बुडालेल्या जागेभोवती २० सागरी मैलांत मासेमारी बंद केली. बाधित मच्छीमार कुटुंबांना सरकारने तात्पुरते १,००० रुपये आणि ६ किलो तांदूळ दिले. एवढ्यात घर किती दिवस चालते ते आपल्याला सांगायला नको. पण पुढे राज्य सरकारने केरळ उच्च न्यायालयात ९,५३१ कोटींचा दावा केला आणि त्याच कंपनीगटाचे दुसरे जहाज अटकेत ठेवून घेतले. तिथे मागे मोठी कंपनी होती, म्हणून अडकवायला दुसरे जहाज सापडले. सोडून दिलेल्या जहाजामागे असे कोणी नसते. आपला पुरावा म्हणूनच जास्त पक्का हवा.

आणखी एक नुकसान कागदावर येतच नाही, ते बाजारातले. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईसमोर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली, तेल सांडले, कीटकनाशकांचे कंटेनर पाण्यात पडल्याची बातमी पसरली. लोकांनी मासळी घेणेच सोडले. लांबून आणलेल्या चांगल्या मासळीलाही गिऱ्हाईक नव्हते. टोपली घेऊन बसणाऱ्या बायांचे ते नुकसान कोणी मोजले? म्हणून अशा वेळी मासळीची तपासणी करून तिचा निकाल लवकर जाहीर करा, ही मागणी पहिल्याच अर्जात घालायची.

माल कसा ओळखायचा?

घातक मालाच्या कंटेनरवर किंवा पिंपावर चौकोन टोकावर उभा केल्यासारखे लेबल असते. रंग लक्षात ठेवा:

• लाल, ज्वाळेचे चित्र: पेट्रोल-नाफ्थासारखा पेटणारा माल.
• पिवळे, गोळ्यावर ज्वाळा: आग भडकवणारा माल. अमोनियम नायट्रेट यात येते.
• निळे, ज्वाळा: पाणी लागले की पेटणारा वायू सोडणारा माल. कॅल्शियम कार्बाइड यातलेच. यावर पाणी मारायचे नाही.
• नारिंगी: स्फोटक.
• पांढरे, कवटी: विष.
• अर्धे पांढरे, अर्धे काळे: आम्लासारखा जाळणारा माल.

जवळ चार आकडी नंबर असतो. १९४२ म्हणजे अमोनियम नायट्रेट, १४०२ म्हणजे कॅल्शियम कार्बाइड. तुम्हाला नंबर पाठ करायची गरज नाही. लांबून फोटो काढा, झूम करा, आणि नंबर फोनवर सांगा. पुढचे कळणाऱ्याला लगेच कळते.

हे करू नका

सोडलेल्या जहाजावर चढू नका. भंगार, दोर, बॅटरी, डिझेल काढायला जाण्याचा मोह होतो, हे आम्हाला माहीत आहे. पण बंद टाकीत लोखंड गंजताना आतल्या हवेतला प्राणवायू संपून जातो. वास येत नाही, धूर दिसत नाही. खाली उतरलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तिथेच राहतो.

तरंगत आलेला कंटेनर किंवा पिंप दोर बांधून किनाऱ्याला आणू नका. मुलांना हात लावू देऊ नका. पेट्रोलसारखा वास आला तर स्टोव्ह आणि विडी बंद, वाऱ्याच्या वरच्या बाजूने लांब निघा.

परदेशी जहाजावरचे खलाशी अन्न-पाणी मागत असतील तर माणुसकी सोडायची नाही. पण परवानगीशिवाय बाजूला बोट लावली तर कस्टम-इमिग्रेशनचा त्रास आपल्याच माणसाला होतो. बंदर खात्याला किंवा कोस्टल पोलिसांना कळवा, संस्थेला कळवा, त्यांच्यामार्फत पोचवू.

हे करा

१. दिवा नसलेले, माणूस नसलेले किंवा जागेवरून सरकणारे जहाज दिसले तर जीपीएसची जागा, तारीख, वेळ आणि जहाजाचे नाव लिहा. मागच्या बाजूला नाव असते, तिथेच सात आकडी आयएमओ नंबरही असू शकतो. नाव बदलते, मालक बदलतो, पण हा नंबर जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. आपल्या बार्जसारख्या छोट्या जहाजावर तो नसला तर निदान नाव आणि नोंदणी नंबर पूर्ण उतरवून घ्या.

२. तातडीचे असेल तर व्हीएचएफ चॅनेल १६, तटरक्षक दल १५५४, कोस्टल पोलिस १०९३.

३. संस्थेच्या ग्रुपवर जागा आणि फोटो टाका, म्हणजे रात्री जाणाऱ्या बाकीच्या बोटींना कळेल.

४. जाळे किंवा बोट खराब झाली तर त्याच दिवशी फोटो, फाटलेले जाळे फेकायचे नाही, जाळ्याचे बिल जपून ठेवायचे, आणि तीन दिवसांत संस्थेत यायचे.

५. रोजच्या मासळीची नोंद ठेवा. लिलावाची पावती, बर्फाचे बिल, डिझेलचे बिल. मासेमारी बंद पडली तर 'रोज किती मिळत होते' हे दाखवायला दुसरा कागद आपल्याकडे नसतो. तोंडी सांगितलेले कोर्टात चालत नाही.

संस्था काय करणार?

आपल्या कार्यकारिणीने तीन गोष्टी ठरवल्या आहेत. ऑफिसात एक नोंदवही ठेवली आहे, तिच्यात आपल्या पाण्यात उभ्या असलेल्या प्रत्येक बंद जहाजाची आणि बार्जची नोंद होईल. अर्जाचा नमुना तयार आहे, तुम्ही फक्त जागा, वेळ आणि नुकसान सांगायचे, बाकी आम्ही लिहू. आणि दरवर्षी मे महिन्यात, पावसाआधी, संस्था सगळ्या खात्यांना एक पत्र देणार: आमच्या हद्दीत बंद जहाजे किती, त्यांत माल काय, राखणदार कोण. उत्तर आले नाही तर महिन्याने माहिती अधिकारात विचारणार.

काही सभासद म्हणतील, पत्रांनी काय होते, बैरुतलाही सहा पत्रे गेली होती. बरोबर आहे. पण ती पत्रे एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात गेली. गोदामापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांना आत काय आहे ते स्फोट होईपर्यंत माहीतच नव्हते. आपल्याकडे तसे होऊ द्यायचे नाही. त्या पाण्यावर रोज पहाटे आपण असतो. साहेब बदलतात, फाईल बदलते, आपण तिथेच असतो. म्हणून बघायचे आपण, लिहायचे आपण, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचे आपणच.

ज्या सभासदाचे जाळे गेले त्यांची परवानगी घेऊनच वरची हकीकत लिहिली आहे. त्यांचा अर्ज आपण नव्याने, नीट कागद जोडून पुन्हा देत आहोत. ती बार्ज त्या रात्री किंवा त्याआधी कोणी पाहिली असेल, कोणाच्या मोबाईलमध्ये फोटो असेल, तर बोटी उतरायच्या आधी ऑफिसात येऊन सांगा. एक फोटोसुद्धा उपयोगाचा आहे.

लेख आपल्या तांडेलांना आणि खलाशांना वाचून दाखवा. मराठी वाचता येत नसलेल्यांना रंगांची माहिती तेवढी नक्की समजावून सांगा.

दर्या सगळ्यांना सुखरूप घरी आणो.

आपला,
सचिव, आणि कार्यकारिणी